घोड्यानं मत द्यायचं नाही

रिसालदारांचा हात कोणी न विचारता धरला, की ते त्या माणसाला सोडत नसत. अक्षरशः सोडत नसत. इंदूरच्या तुकोगंज चौकात ते पांढरी काठी घेऊन उभे असायचे. मागून एखादा पुण्यवान यायचा, त्यांचा दंड पकडायचा आणि गाड्यांमधून खेचत त्यांना पलीकडे नेऊन ठेवायचा. त्याचं पुण्य जमा झालं. तो निघायला लागला की रिसालदार त्याचं मनगट धरायचे. "कहाँ चले भाईसाब? मला पलीकडे यायचंच नव्हतं. मी बसची वाट बघत होतो. आता धरलंच आहे, तर विजय नगरपर्यंत चला." माणूस हसायचा, मग चपापायचा, मग ऑफिसला उशीर होतोय म्हणून गयावया करायचा. काही उपयोग नसे. चांगले धट्टेकट्टे लोक त्यांच्याबरोबर बसमध्ये चढताना मी पाहिलेत.

मीही त्यातलाच एक. कॉलेज नुकतंच संपलं होतं, खांद्यावरच्या झोळीत पत्रकं होती, फूटपाथ गिळणाऱ्या दुकानांविरुद्धची. मी त्यांचा दंड धरला आणि फसलो. बसमध्ये त्यांनी विचारलं, "झोळीत काय सळसळतंय?" पत्रकं आहेत म्हटल्यावर म्हणाले, "वाच." भर बसमध्ये वाचायला लावलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे, भिया. पण तू प्रत्येक वाक्यात चिडलेला आहेस. ऐकणारा म्हणेल, याला घरी कोणी जेवायला देत नाही काय?" अख्खी बस हसली. मी संतापलो. विजय नगरला त्यांच्यामागून उतरलो तो भांडायलाच, आणि तासाभरात त्यांचा घोडा झालो.

हा घोडा काय प्रकार आहे ते सांगायला हवं. रिसालदार हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, आणि आमच्या इंदूरच्या मराठी घरांत पणजोबा जे होते ते पणतू आपोआप असतो. काही असो वा नसो, तलवार माळ्यावर असतेच. यांची दृष्टी शाळेत असतानाच गेली. मित्रांनी थट्टेनं 'रिसालदार' म्हणायला सुरुवात केली. यांनी ती थट्टा मनावर घेतली आणि पन्नाशीत खरोखर रिसाला उभा केला. विजय नगरच्या एका सायकलवाल्याच्या मागच्या शेडमध्ये त्यांच्या दोन सीटच्या सायकली होत्या. पुढे एक जण, मागे एक जण, पायडल एकमेकांना चेननं जोडलेली. पुढचा डोळस, मागचा अंध. मागचा तो स्वार. पुढचा तो घोडा.

"घोड्याला डोळे असतात," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "म्हणून कुठं जायचं ते घोडा ठरवतो काय?"

नियम एकच होता. घोड्यानं मत द्यायचं नाही. खड्डा आहे, ट्रक आहे, डावीकडे चहाची टपरी आहे, एवढं सांगायचं. थांबू या का, दमलात का, इथून परत फिरू या का, हे विचारायचं नाही. ते स्वार ठरवील. मला हा नियम भयंकर आवडला. आजवर अंधांच्या वतीनं सगळे बोलत आलेत, आता डोळसांनी जरा तोंड बंद ठेवायला काय हरकत आहे? मी यावर पत्रकसुद्धा लिहिलं. रिसालदारांनी ते फोनकडून वाचून घेतलं. फोनच्या त्या सपाट आवाजात माझी सगळी आग विझून गेली. "बघ," ते म्हणाले, "फोन चिडला नाही, तरी कळलं ना?"

रविवारी सकाळी शहराबाहेरच्या रुंद सुपर कॉरिडॉर रस्त्यावर सराव चाले. माझ्या मागच्या सीटवर ते. पायडल जोडलेली असल्यामुळे माझ्या पायांतलं सगळं त्यांच्या पायांत उतरे. मी कधी घरी भांडून आलो असलो तर पाचव्या मिनिटाला मागून आवाज यायचा, "आज बापाला तुडवतोयस की सायकलला?" दुसऱ्या सायकलवर शकूताई असत. सरकारी शाळेत इतिहास शिकवायच्या, जन्मापासून अंध, आणि रिसालदारांशी कधीही एकमत नाही. "रिसालदारजी, तुमच्या पणजोबांची फौज किती लढाया हरली, माहितेय ना?" असं त्या मोठ्यानं विचारायच्या. रिसालदार म्हणायचे, "इतिहासाच्या बाई, तुम्ही फक्त निकाल शिकवता. आम्ही स्वारीला निघतो." शकूताईंचा घोडा इंजिनिअरिंग कॉलेजातला एक मुलगा होता. इतका शांत, की तो आला आहे हे आम्हालाही दर वेळी विचारून खात्री करावी लागे. त्याचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

रिसालदार एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. तरुणपणी बोर्डावर बसून त्यांनी अर्ध्या शहराच्या लाइनी जोडल्या. मग बोर्ड काढून टाकला. यांना काढता येत नव्हतं, म्हणून खुर्ची तेवढी ठेवली. बोर्ड नाही, काम नाही, खुर्ची आहे. साहेब बदलत गेले. प्रत्येक नवा साहेब येऊन म्हणे, "आप तो आराम कीजिए." कितीतरी वर्षं एका धडधाकट माणसाला पगार देऊन रोज बसवून ठेवलं, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण मेहेरबानी करतोय. मला विचाराल तर ही शिक्षा आहे, आणि ती देणाऱ्यांचे फोटो लावायला हवेत. रिसालदार मात्र म्हणत, "बरं झालं. बसून बसून नकाशा पाठ झाला."

नकाशा इंदूरपासून समुद्रापर्यंतचा. त्यांचा बेत असा होता: पाच-सहा सायकली घेऊन निमाड उतरायचं, खलघाट, ठीकरी, सेंधवा करत बिजासनच्या घाटानं महाराष्ट्रात शिरायचं आणि पश्चिमेला वळून समुद्र गाठायचा. नेता अंध, निर्णय अंधांचे. वाटेत मुक्कामाच्या प्रत्येक गावात एक ठाणं उभं करायचं. ठाणं म्हणजे इमारत नव्हे. त्या गावातला एक अंध माणूस प्रमुख, आणि त्याच्याभोवती घरात बसवून ठेवलेल्या सगळ्यांची मंडळी. त्यांनी बाजारात जायचं, ग्रामसभेत जायचं, पंचायतीला प्रश्न विचारायचे. एका कंपनीनं शब्द दिला होता की मोहीम समुद्रापर्यंत पोचली तर ही ठाणी पुढची काही वर्षं चालवायला मदत करू. म्हणजे समुद्र नुसता समुद्र नव्हता. तिथं पोचलो तर ठाणी जगणार, नाही तर नाही.

कंपनीनं एक जीप दिली आणि जीपमध्ये एक साहेब. कंपनीचं नाव पाठीवर छापलेलं जॅकेट ते निमाडच्या उन्हातही काढत नसत, म्हणून आम्ही त्यांना जॅकेटसाहेब म्हणायचो.

मोहीम निघाली. ठीकरीच्या पुढचं ते गाव मला कधी विसरता येणार नाही. सरपंचांनी हार आणले होते. रिसालदारांनी विचारलं, "गावात अंध किती?" सरपंच हात जोडून म्हणाले, "भगवान की कृपा है साहब, हमारे यहाँ ऐसा कोई नहीं." हे उत्तर प्रत्येक गावात मिळे. रिसालदार हार बाजूला ठेवायचे, चहा घ्यायचे आणि दुसरा प्रश्न विचारायचे, "अच्छा, ये बताओ, चौकात कधीच कोण येत नाही?" मग नावं निघत. एकाची मावशी, एकाचा भाऊ, कोणाची तरी सून. तिथं गेंदालाल निघाला. चाळिशीचा गडी, औषध फवारताना डोळे गेले, तेव्हापासून घराच्या मागच्या बाजूला लसूण सोलत बसलेला. त्याचा भाऊ म्हणाला, "इसे कोई तकलीफ नहीं है, दो टाइम खाना देते हैं."

"मी तुला विचारत नाहीये," रिसालदार म्हणाले. "गेंदालालजी, आपको क्या चाहिए?"

लसूण सोलणारे हात थांबले. मग गेंदालाल म्हणाला, "हाट जाना है."

दुसऱ्या दिवशी हाट होती, तिथला आठवडी बाजार. रिसालदार, शकूताई आणि गेंदालाल पुढे, आणि त्यांच्यामागे सगळं गाव, जसं काही हत्ती आला आहे. गेंदालालनं मिरच्या घेतल्या. भाव केला. भांडून केला. दुकानदार त्याच्या भावाकडे बघून बोलायला लागला तेव्हा गेंदालाल ओरडला, "इधर बोल ना, पैसे मेरे पास हैं!" मी तिथं रडलो. हे पत्रकात लिहायला लाज वाटते, इथं लिहितो.

मग बिजासन आला.

मानपूरनंतरचा पहिला मोठा उतार आम्ही सायकली हातात धरून पायी उतरलो होतो. हुकूम रिसालदारांचाच. पण बिजासनच्या माथ्यावर जॅकेटसाहेबांनी चुळबुळ सुरू केली. व्हिडिओ काढायचा होता, पायी उतरणारे अंध काही जोरदार दिसत नव्हते. रिसालदारांनी त्यांच्याकडे पाठ केली. त्यांनी सगळ्या स्वारांना गोळा केलं आणि विचारलं, "चालत की बसून?"

"बसून!" सगळे ओरडले. शकूताई सगळ्यात मोठ्यानं.

आम्ही घोडे हँडल धरून शेजारीच उभे होतो. खालचं वळण दिसत होतं. ट्रकच्या ब्रेकचा जळका वास येत होता. आम्ही काही बोललो नाही. आम्हाला शिकवलेलंच ते होतं, आणि आम्ही चांगले शिकलो होतो.

पहिल्या वळणाच्या आधीच मागून शकूताईंची आरोळी आली. "थांबवा! याचे हात थरथरताहेत, अख्खी सायकल हलतेय!" त्यांच्या घोड्यानं पाय टेकवून सायकल डोंगराच्या बाजूच्या मातीत घातली होती. दोघं पडले, खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. एक कंटेनर आम्हाला घासून गेला. सगळे कडेला थांबलो. मुलाच्या अंगाला शकूताईंनी हात लावला आणि म्हणाल्या, "अरे, भट्टी आहे ही! केव्हापासून ताप आहे तुला?"

"काल सकाळपासून."

"बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "घोड्यानं मत द्यायचं नाही ना, ताई."

रिसालदार रस्त्याच्या कडेला, मातीत बसले. मी त्यांना कधी खाली बसलेलं पाहिलं नव्हतं. मग त्यांनी प्रत्येक घोड्याला नावानं हाक मारली आणि विचारलं, तुला काय वाटतं? पहिल्यांदाच विचारलं. एक म्हणाला, मी डोळे मिटून चालवत होतो. एक नुसता रडला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मी जाईन." ब्रेक दाबून माझी बोटं वळली होती, ती सरळ होत नव्हती.

"खरं बोल, भिया."

"नाही जमणार, काका."

त्यांनी माझी वळलेली बोटं चाचपली. मग म्हणाले, "आयुष्यभर लोकांनी मला न विचारता धरून नेलं. आणि मी तुम्हाला काय केलं?"

त्यांनी हुकूम दिला: परत वर, सेंधव्यात थांबायचं, मुलाला दवाखान्यात न्यायचं, तो बरा झाला की पायी घाट उतरायचा. जॅकेटसाहेब जीपमधून उतरले. समुद्रावर पाहुणे ठरले होते, मंडप ठरला होता. ते म्हणाले, "रिसालदारजी, ऐसा करते हैं, आप सब जीप में बैठिए, नीचे उतरकर फिर चला लेंगे. अब यहाँ से मैं लीड करता हूँ. आप पर बहुत बोझ हो गया."

"बोझ माझं आहे," रिसालदार म्हणाले. "ते मी कोणाला देत नाही."

जीप गेली. तंबू, पाणी, औषधाची पेटी, सगळं जीपमध्येच होतं. सेंधव्यात आम्ही एका धर्मशाळेत राहिलो. मुलाला टायफॉइड निघाला. त्याचे वडील गाडी घेऊन आले आणि धर्मशाळेच्या दारात उभं राहून ओरडले, "अंधों के भरोसे बच्चा छोड़ा, गलती हमारी है!" रिसालदारांनी खाली मान घालून ऐकलं. मग एकेका घोड्याच्या घरून फोन यायला लागले. कोणाची परीक्षा निघाली, कोणाच्या आजीची तब्येत. दोन दिवसांत मी एकटा उरलो. स्वार सगळे तयार होते. एकही जण परत जायचं म्हणाला नाही. पण घोड्यांशिवाय रिसाला कसला? सायकली बसच्या टपावर बांधून आम्ही इंदूरला आलो.

पेपरात छापून आलं की दृष्टिहीनांची धाडसी मोहीम अर्धवट राहिली, तरी जिद्दीला सलाम. मी ते वाचून दाखवलं आणि टेबल आपटलं. त्याच दुपारी पत्रक लिहून त्यांच्याकडे गेलो. त्यात सगळं होतं: ताप, थरथरणारे हात, पळून गेलेले घोडे, निघून गेलेली जीप. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्रक होतं ते.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "हे छापायचं नाही."

"काका, लोक म्हणून राहिलेत, अंधांना जमलं नाही! हे खोटं आहे!"

"आहे ना खोटं. पण हे छापलंस तर ते पोरगं कॉलेजात तोंड कसं दाखवील? एकोणीस वर्षांचा आहे. त्याला घोडा मी केला, गप्प बसायला मी शिकवलं. नाव माझंच खराब होऊ दे. मला सवय आहे, लोक तसंही हेच म्हणत होते."

"आणि ठाणी?"

त्यांनी चाचपून फोन हातात घेतला.

कंपनीनं मदत दिली नाही. ती देणार नव्हतीच, मोहीम पोचली नव्हती. त्यांच्या विजय नगरच्या ऑफिसात मात्र आमची एक सायकल भिंतीवर टांगली आहे, खाली धैर्याबद्दल काहीतरी इंग्रजीत लिहिलं आहे. रिसालदारांनी स्वतःच्या फोनवरून ठाणी चालवायला घेतली. दर रविवारी सकाळी ते सगळ्या गावांतल्या प्रमुखांना एका लाइनवर घेत. "होल्ड करा गेंदालालजी, सेंधवा जोडतोय." त्यांचा आवाज अशा वेळी पंचवीस वर्षांनी तरुण होई. पण फोननं माणूस घराबाहेर निघत नाही. एक गाव लाइनवर यायचं थांबलं, मग दुसरं. गेंदालालच्या भावानं फोन स्वतः उचलायला सुरुवात केली, "वो आराम कर रहा है साहब." आराम. मला तो शब्द ऐकला की अजून संताप येतो.

एकदा मी म्हणालो, "काका, चला, ट्रेननं समुद्रावर जाऊ. मी नेतो."

"तू नेशील," ते म्हणाले. "तेच तर नको ना रे."

मागच्या वर्षी, बँकेतून निवृत्त झाल्यावर काही महिन्यांतच, हृदय बंद पडून ते गेले. तुकोगंजच्या एका हॉलमध्ये शोकसभा झाली. व्यासपीठावर सगळे डोळस. शकूताई आणि बाकीचे स्वार तिसऱ्या रांगेत. जॅकेटसाहेबांनी भाषण केलं, आता सूट घालतात. म्हणाले, आँखें नहीं थीं मगर हौसला था, सफर पूरा न हो सका, पर कोशिश को नमन. शकूताई माईक मागत होत्या. सूत्रसंचालक त्यांच्या खांद्यावर हळूच हात ठेवून त्यांना खाली बसवत होता.

तेव्हा मागून तो, शकूताईंचा घोडा, उभा राहिला. आता कुठल्याशा आयटी कंपनीत आहे, लग्न झालंय, पोट सुटलंय. माईक नव्हता, तरी बोलला. "सफर इनकी वजह से नहीं रुका. मैं डर गया था. मैं बीमार था और मैंने बताया नहीं. बाकी सब भी डर के भाग गए. ये लोग तैयार थे." एवढंच. शकूताईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मला वाटलं, आता, आता काहीतरी होईल.

सूत्रसंचालक माईकवर म्हणाला, "भावनाएँ हम समझ सकते हैं. आइए, अब दो मिनट का मौन रखते हैं."

सगळे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पेपरात जॅकेटसाहेबांचं भाषण होतं, फोटोसह. त्या मुलाचं एक वाक्यही नव्हतं. त्यानं स्वतः सांगितलं, म्हणून मीही आता लिहितोय. नाव तरीही घालत नाही. रिसालदारांनी परवानगी दिली असती असं मला वाटत नाही. चिडलेली वाक्यं जमतील तेवढी काढून टाकली आहेत. जे उरलं ते एवढंच, आणि ते इंदूरमधल्या प्रत्येकानं एकदा नीट वाचावं: बिजासनच्या घाटात जे जे घाबरले, त्या सगळ्यांना दिसत होतं.